सवाष्णीचा टाका

ताणून बसवलेल्या साटिनीत सुई शिरते, तेव्हा एक बारीक आवाज होतो. कापड सैल असेल तर तो होत नाही. आमच्या मंडळाच्या अंबरपेठेतल्या घरात एका वेळी आठ-नऊ सुया चालत, आणि दुपारी रस्ता निवला की वाळवणाच्या डाळीवर चिमण्यांनी चोची माराव्यात तसा तो आवाज सगळ्या घरभर ऐकू येई. कवितेच्या नादावर वाढलेल्या माझ्या कानाला त्यात ताल सापडे. शिकवणाऱ्या जैनबआपांना त्यात दोष सापडत. मान वर न करता त्या म्हणत, “वो कोना ढीला पड़ा देखो,” आणि पाहावे तर त्या कोपऱ्यातली खुंटी खरोखरच सरकलेली असे.

विधवा बायकांच्या त्या भरतकाम मंडळाची मी पुष्कळ वर्षे चिटणीस होते. भरतकाम मला कधीच चांगले जमले नाही. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले, वडील वकील, घरात गझल आणि ओवी एकाच ओसरीवर नांदत. पुढे राज्य विलीन झाले, कचेऱ्यांतून उर्दू गेली, आणि माझी सुरेख अक्षरांतली उर्दू मंडळाच्या पाट्या रंगवण्यापुरतीच उरली. पण ही तक्रार नव्हे. त्या काळात ज्यांचे खरोखर काही गेले होते, त्या माझ्यासमोर रोज चटईवर बसत होत्या.

पोलीस अॅक्शन झाली त्यानंतरच्या थंडीत मराठवाड्याच्या खेड्यांतून, बीदरकडून बायका शहरात येऊ लागल्या. काहींच्या माणसांना रझाकारांनी मारले होते. काहींची माणसे फौज आल्यानंतरच्या दिवसांत गेली; ती कुणी नेली, हे विचारायची सोय नव्हती. घर जळालेले, शेत दिराने बळकावलेले, आणि शहरातल्या कुणा लांबच्या नातलगाच्या पडवीत एक पथारी. बरकतपुऱ्यातल्या आम्ही चार घरच्या बायका त्यांना धान्य आणि जुनी लुगडी वाटत असू. लुगडे वाटताना देणाऱ्याला फार लवकर समाधान मिळते. ते माझे समाधान गयाबाईने मोडले. परभणीकडची ही उंच, रुंद हाडांची बाई तीन आठवडे ओळीने आली, आणि चौथ्या आठवड्यात हात पुढे न करता म्हणाली, “लुगडं झालं बाई. आता हाताला काई तरी द्या.”

हाताला द्यायला आमच्याजवळ काय होते? होत्या जैनबआपा. त्यांचे वडील शहरातले नावाजलेले कारचोबीचे कारागीर. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी कसब मुलीच्या हाती दिले आणि मुलगी बीदरकडच्या एका गावी दिली. त्या गावाहून आपा एकट्या परत आल्या होत्या. येताना फक्त सुयांची डबी आणली होती.

कारचोब म्हणजे लाकडी चौकट. दोन जाड दांडे आणि त्यांना ताणून धरणाऱ्या दोन पट्ट्या. पट्ट्यांना भोके, भोकांत खुंट्या. त्यावर कापड ताणायचे, इतके की बोटाने वाजवले तर डफासारखे बोलले पाहिजे. नक्षी आधी कागदावर सुईने टोचून घेतात. तो कागद कापडावर ठेवून रॉकेलात कालवलेली खडूची पूड त्यावरून फिरवली, की भोकांतून ठिपके उतरतात आणि कागद उचलल्यावर कापडावर मोर उभा राहतो. मग जरीच्या बारीक वेटोळ्यांचे तुकडे कातरून, सुईत मण्यांसारखे ओवून, त्या ठिपक्यांवर बसवायचे. एक हात कापडाच्या वर आणि दुसरा खाली, न दिसणारा. रॉकेलाचा तो वास आमच्या घराला कायमचा होता. आजही कंदील पेटवला की माझ्या डोळ्यांपुढे आधी मोर येतो.

या कामासाठी चौकटीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसावे लागते, आणि इथेच अडले. आपांकडून शिकायचे तर आपांसमोर बसायला हवे. गयाबाईच्या नवऱ्याला रझाकारांनी गावच्या चावडीपुढे मारले होते. चार दिवस ती भिंतीशी उभी राहून नुसती पाहत होती. पाचव्या दिवशी येऊन बसली आणि समोर न पाहता तिने विचारले, “तुमच्या मानसाला कोनी मारलं?”

“मालूम नै,” आपा म्हणाल्या. “तुम्हारे?”

“मला ठाव हाय.”

“अच्छा है,” आपा म्हणाल्या. “मालूम रहना अच्छा है. हाथ दिखाव.”

गयाबाईचे हात कापूस वेचून इतके खरखरीत झाले होते, की साटिनीचा धागा त्यांत अडकून ओढला जाई. आपांनी तिला आठ दिवस सुई दिली नाही; रोज सकाळी गोडे तेल आणि डाळीचे पीठ चोळायला लावले. “मी शिकाया आले का न्हायाला?” असे गयाबाई पुटपुटे. नवव्या दिवशी तिने पहिली पाकळी भरली. वर्षभरात आपांच्या खालोखाल तिचा हात मानला जाऊ लागला. दोघी एकाच चौकटीवर बसत, एकमेकींच्या डब्याला हात लावत नसत, पण बाकी सगळ्याविषयी बोलत, आणि त्या पहिल्या प्रश्नाकडे मात्र पुन्हा कधी वळल्या नाहीत.

आता गिऱ्हाइकांविषयी. कारचोबी ही लग्नाची कला आहे. शेला, चोळी, अंतरपाट, दुल्हनचा जोडा म्हणजे नवरीचा पोशाख. ज्यांच्यावर जर चढते ते सगळे बोहल्याकडे जाणारे. आणि ते भरणाऱ्या आमच्या सगळ्या जणी विधवा. हा पेच माझ्या आधी मलकपेठेच्या एका वकिलीणबाईंच्या लक्षात आला. त्या थोरल्या मुलीच्या लग्नाचे काम घेऊन आल्या होत्या. नमुन्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला, उलट बाजू पाहिली (जाणती बाई नेहमी उलट बाजू पाहते), मग मला पडवीत बाजूला घेतले.

“काम नामी आहे हो. पण एक विचारू? राग मानू नका. या सगळ्या जणी तशाच आहेत ना?”

“तशाच म्हणजे?” मी उगीचच विचारले.

“अहो, लग्नाचं आहे म्हणून म्हणते. कपाळाच्या म्हणजे...”

आत सुया थांबल्या होत्या. मंडळ सुरू होऊन वर्ष झाले होते आणि एवढे मोठे काम प्रथमच दाराशी आले होते. मी म्हणाले, “आमच्याकडे पहिला टाका सवाष्णीचा असतो. तो मी घालते.”

ते खोटे होते. दुसऱ्या दिवसापासून ते खरे झाले.

“मग काय हरकत नाही,” वकिलीणबाई मोकळ्या झाल्या. “सुरुवात चांगल्या हातची असली की झालं.”

या युक्तीचा मला पुष्कळ दिवस अभिमान होता, हे मी लपवत नाही. कारण तिच्यामुळे मंडळ तगले. पुढे मलकपेठेतून काचीगुड्यात, तिथून आणखी कुठे, असा बोलबाला झाला की अंबरपेठेच्या बायकांचे काम देखणे आणि निर्धोक. नवे कापड चौकटीवर चढले की सगळ्या जणी सरकून जागा करीत. ओवलेली सुई कुणीतरी माझ्या हाती देई. मी मोराच्या डोळ्यात किंवा वेलीच्या बुडाशी एक टाका घाली, आणि मग काम सुरू होई. कवितेची पहिली ओळ आपल्या हातून उतरावी आणि उरलेली कविता दुसऱ्यांनी लिहावी, असे मला तेव्हा वाटत असे. गयाबाई एकदा म्हणाली, “तुमी नुसतं शिवून जाता, अन् आमचं काम चांगल्यात जमा व्हतं.” मी ते कौतुक समजले.

आपांचा आक्षेप निराळा होता. “हमारे में भी दुल्हन का जोड़ा सुहागन ही छूती. टाका डालने का है तो डालो बाई साब, पन सीधा तो डालो.”

वकिलीणबाईंचे ते पहिले काम चालू असतानाच मला टायफॉइड झाला. शेला पुरा होत आला होता, पण चोळीचे कापड नुसते ताणून ठेवलेले होते, ठिपक्यांसकट. मी पडले आणि ते तसेच राहिले. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. नऊ बायका, भरायला हात सरसावलेले, आणि त्या कापडात सुई घालायला कुणी धजेना. लग्न पंधरा दिवसांवर आलेले. पाचव्या सकाळी माझ्या बरकतपुऱ्याच्या राहत्या घराच्या दाराशी गलका झाला. पाहते तो पुढे बुरख्यातल्या आपा, मागे पांढऱ्या लुगड्यातली गयाबाई, आणि दोघींच्या खांद्यांवर जुन्या चादरीत गुंडाळलेली ती लांबोडकी चौकट.

“रस्ता मिळाला का नीट?” मी ग्लानीतच विचारले.

“मिळाला म्हंजी!” गयाबाई पदरात तोंड लपवून हसत होती. “लोकं आपून होऊन बाजूला व्हत होती. एक टांगेवाला तर खाली उतरला अन् हात जोडले त्यानं. तिरडी वाटली त्याला!”

“मैं बोली, चुप चल,” आपा म्हणाल्या. “शादी का माल है, ठीक से रोते हुए चल.”

सासूबाई आत निघून गेल्या. सकाळच्या प्रहरी उंबऱ्यात दोन विधवा, आणि खांद्यावर ते तसले. त्यांना ते पाहवेना. पण चहा त्यांनीच पाठवला. चौकट माझ्या खाटेवर आडवी टेकवली. सुई कापडात गेली आणि परत येताना माझ्याच बोटात. आपांनी टाका पाहिला, डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, “खुदा दुल्हन को सलामत रखे.” चादर पुन्हा गुंडाळून दोघी आल्या तशा गेल्या. चोळी वेळेवर पोचली.

तापाच्या त्या लांब दुपारी पडल्यापडल्या मला मात्र ते दृश्य सोडीना. इतका सुंदर हात असलेल्या बायका पाच दिवस एका कापडाभोवती नुसत्या बसून राहिल्या, कारण मी त्यांना तसे शिकवले होते. गिऱ्हाइकाची समजूत काढायला मी जे बोलले, त्यावर गिऱ्हाइकापेक्षा माझ्याच बायकांचा विश्वास बसला होता. मी दुखण्यातून उठले ती सुधारक होऊन. पहिला टाका बंद करायचा, असे मी ठरवले. केव्हा आणि कुणापासून, एवढेच ठरायचे होते.

त्यातच वर्ष गेले, आणि गयाबाईच्या मुलीचे, कमळचे, लग्न ठरले. मुलगा रेल्वेत कामाला, घरची माणसे साधी. ही पोर सोडून गयाबाईला जगात कुणी नव्हते. मंडळात आल्यापासून तिच्या तोंडी एकच होते: पोरीच्या अंगावर मंडपात मपल्या हातची चोळी पाहिजे. लोकांच्या पोरींसाठी तिने इतके मोर उडवले होते. आपल्या पोरीसाठी तिला मोर नको होता. तिने आपांकडून एक नवाच कागद टोचून घेतला: कापसाची बोंडे, काही मिटलेली, काही फुटलेली. कारचोबीत बोंड कुणी पाहिले नव्हते. आपा आधी नाक मुरडत होत्या, मग चार दिवस खपून त्यांनी फुटलेल्या बोंडाचा कापूस रुपेरी जरीत कसा बसवायचा ते शोधून काढले. तांबड्या साटिनीवर ते ठिपके उतरले, तेव्हा सगळ्या जणी उठून पाहायला आल्या.

गयाबाईने सुई ओवली आणि माझ्यापुढे धरली. “बाई, आज दिवस चांगला हाय. येवढा टाका घाला.”

मला वाटले, हीच वेळ. मी सुई घेतली नाही.

“गयाबाई, तुमच्या मुलीच्या चोळीला तुमचाच टाका हवा. आईच्या हातापेक्षा शुभ काय असतं? काळ बदलला. राज्य बदललं. हे जुनं आता आपणच टाकायला हवं.” मी पुष्कळ बोलले. वाक्ये चांगली होती.

तिची सुई तशीच पुढे होती. “मपल्या पोरीच्या कपाळी मपलं नशीब नगं, बाई.”

“नशीब असं सुईतून जात नाही हो. हे सगळं मनाचे खेळ.”

“मग गिऱ्हाइकाचं काय आसतंय?”

“गिऱ्हाइकाचं वेगळं.”

माझ्या तोंडून ते गेले आणि चौकटीपलीकडून आपा हसल्या. तसे हसताना मी त्यांना पूर्वी पाहिले नव्हते. “वा बाई साब! मलकपेठ पूछी तो टाका, गया पूछी तो तकरीर!” तकरीर म्हणजे भाषण.

गयाबाईने सुई उशीला टोचून ठेवली. मी रागावून घरी गेले. राग कुणावर ते त्या वेळी मला नीटसे सांगता आले नसते. माझ्या सुधारणेची सुरुवात मी त्या घरातल्या सर्वांत एकट्या बाईपासून केली होती. आणि वकिलीणबाईंची धाकटी मुलगी उपवर होती. तिचे काम पुढच्या महिन्यात येणार होते. त्याच्यावरचा टाका मात्र मी मनातल्या मनात चालू ठेवला होता.

रात्रभरात ते मला कळले. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या आधी तासभर मी अंबरपेठेला पोचले. ठरवले होते की काही न बोलता सुई घ्यायची.

दार उघडे होते. दाराशी पालेभाजीची पाटी उतरवलेली. आत चौकटीशी भाजीवाली येल्लम्मा उकिडवी बसली होती. रोज गल्लीत गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, जुड्या विकणारी, तेलुगूखेरीज दुसरी भाषा न येणारी, कपाळभर कुंकवाची बाई. दातांत जीभ धरून तिने दोन बोटांत सुई पकडली होती आणि गयाबाई तिचे मनगट धरून होती.

“गुच्चाला? इक्कडा?” टोचू का, इथे का, असे ती पुन्हापुन्हा विचारत होती.

“हां, हिथंच. टोच माय, भिऊ नगंस.”

सुई आत गेली. खालून दुसऱ्या हाताने ती परत कशी आणायची हे येल्लम्माला माहीत नव्हते. गयाबाईने चौकटीखाली हात घालून ती परत लोटली. टाका जाडा, तिरपा आणि लांबलचक झाला, आणि येल्लम्माच्या ओल्या हाताचा एक मातकट डाग साटिनीवर उमटला. ओल्या हाताने कुणी कापडाजवळ आले तर आपा घर डोक्यावर घेत. त्या उठल्या, डागावर खडूची पूड दाबली आणि कोरड्या फडक्याने हलकेच झटकली.

“मी त्यासाठीच आले होते,” मी म्हणाले.

“झालं बाई,” गयाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. “चांगली बाई हाय. सहा लेकरं हायती तिला, नवरा धडधाकट.”

लग्नाला मी गेले. गयाबाई रिवाजाप्रमाणे मागे भिंतीशी उभी होती. कमळची ओटी भरायला मंडपातल्या बायकांनी मलाच पुढे बोलावले. सवाष्ण होते ना. तांदूळ घालताना मी वाकले आणि चोळीच्या गळ्याशी मला तो टाका दिसला. आपांनी तो उसवला नव्हता. त्याच्या तिरपेपणातून त्यांनी बोंडाचा देठ काढला होता, आणि त्या देठाला धरून पुढे सगळी चोळी रुपेरी फुटली होती. तितके सुंदर काम आमच्या घरातून ना आधी गेले, ना नंतर.

पुढच्या महिन्यात वकिलीणबाई आल्या. कापड उलगडून झाले, नक्षी ठरली, आणि उठता उठता त्यांनी सहज म्हटले, “पहिला टाका तुमचाच ना?”

“नाही. आता मी टाका घालत नाही. सुरुवातीपासून शेवटापर्यंत सगळं काम यांच्याच हातचं.”

त्यांनी चपापून माझ्या कपाळाकडे पाहिले. कुंकू होते. “अहो, मला वाटलं घरी काही झालं की काय!” मग त्यांनी उलगडलेले कापड स्वतःकडे ओढले. “विचार करून कळवते हं. पोरीच्या सासरची माणसं जरा जुन्या वळणाची आहेत.” कापडाची घडी त्यांनी स्वतःच घातली आणि बरोबर नेली. त्यानंतर काही कळवले नाही. त्यांच्यामागोमाग आणखी पाचसहा घरे थांबली. आम्ही बँडवाल्यांच्या डगल्यांवर वेली भरल्या, एका दर्ग्याची चादर केली, एका देवळाचा मखमली पडदा केला. देवाच्या पडद्यासाठी हा प्रश्न कुणी विचारला नाही. मंडळ मोडले नाही, पण पुष्कळ दिवस ओढगस्त होती, आणि त्या दिवसांत मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटे. वकिलीणबाईंना तोंडावर सांगितले होते मी.

त्या पडद्याच्या कामाच्या वेळी, एका दुपारी, गयाबाईने मनातले काही बोलावे म्हणून मी तिच्याशेजारी जाऊन बसले. कमळ नुकतीच माहेरपण करून गेली होती. मी विचारले, “गयाबाई, वकिलीणबाईंना मी नाही म्हटलं, ते बरोबर केलं ना?”

“बराबर केलं की,” ती म्हणाली. सुई चालूच होती. “पर उलट्या टोकानं केलं. आधी त्या मोठ्या घरच्या पोरीला घालाया पाहिजे व्हता आमचा टाका. मी बघितलं आसतं वरीस, दोन वरीस. तिचा संसार निगुतीनं चाललाय म्हनल्यावर, मपल्या पोरीला मीच घातला आसता.”